उंच धरलेला कॅमेरा

८ सप्टेंबर २०१३, रविवार

शाळेत अजून मुली नाहीत, आम्ही शिक्षिकाच. बाराला सुटले. माझ्या बहिणीला, ज़हियाला जाऊन आज एकवीस दिवस. पहिल्यांदाच तिचा स्टुडिओ उघडला. हाज्जा मब्रूका आल्या. मुलीचं, इब्तिसामचं लग्न एकोणीसला. फोटो ज़हिया काढणार होती.

"आता तू काढ, फौज़िया. माझ्या मुलीचा उघडा चेहरा या झ्लीतन गावात दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही मी."

नाही म्हणता आलं नाही. दहा वर्षं मी बहिणीचे दिवे धरले. कॅमेरा नव्हे!

१० सप्टेंबर

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की डोळा भरतो. चष्म्यावर वाफ धरते. मागचा स्क्रीन चालू केला तर सगळं स्वच्छ. फोकस सावकाश लागतो, एवढंच. फोटो तिरपे येत होते, म्हणून स्क्रीनवर रेषांची जाळीही लावून घेतली.

ज़हियाला या स्क्रीनचा राग. "बायकांच्या हॉलमध्ये खिडकी सताड उघडी टाकायची नसते, फौज़िया." पण तिचे हात स्थिर होते.

१६ सप्टेंबर

स्क्रीनच वापरायचा. ठरलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

काल लग्न झालं. दारात दोघीजणी सगळ्यांचे फोन पिशवीत गोळा करत होत्या. "हिच्या झग्यातही बघा गं, हिचा काही भरवसा नाही!" हसणं.

नवरी मंचावर आली आणि सगळ्या नाचायला उठल्या. मला नुसत्या पाठी! कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला, मान वर करून स्क्रीनकडे बघत राहिले. फोटो चांगले आलेत. फारच चांगले. मनात म्हटलं — बघ, ज़हिया.

२४ सप्टेंबर

इब्तिसामचा फोटो गावभर फोनवर फिरतोय. मोकळे केस, उघडे खांदे.

हाज्जा धापा टाकत आल्या. "नजातच ती! जावयाची बहीण. पोराला ताप आहे म्हणून मध्येच फोन मागून घेतला होता तिनं. खुर्चीवर चढून काढला असणार, सटवीनं!" नजात कुराणावर हात ठेवून नाही म्हणते. भावानं तिला घराचं दार बंद केलंय.

"तुझ्याबद्दल मात्र कुणाचा चकार शब्द नाही हो. बहिणीचं नाव राखलंस."

मग त्यांनी तो फोटो दाखवला. नवरीच्या अंगावरून बारीक उभ्या-आडव्या रेषा. कोपऱ्यात बॅटरीची खूण. हाज्जांना ते फोनचंच काहीतरी वाटलं.

मी चहा ओतत राहिले.

२५ सप्टेंबर

त्या रेषा माझ्या स्क्रीनवरच्या. नजात पहिल्या रांगेत होती — माझ्या पुढे. स्क्रीन दिसणार फक्त मागच्यांना. मागे दोन टेबलं, दोन्ही हाज्जांच्या माहेरची. कुणीतरी फोन लपवून आत आणला होता, आणि मी नवरीला त्यांच्यासमोर उंच धरून उभी होते!

सांगितलं तर स्टुडिओ संपला. ज़हियाची अठरा वर्षं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार? कुणालाच नाही.

२६ सप्टेंबर

शाळेत कुणीतरी म्हणालं, "असल्या नणंदेला उभं करू नये." मी वह्या आवरत होते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

नजातच्या नवऱ्यानं तिला माहेरी धाडलं. माहेर म्हणजे त्या भावाचंच घर. दार उघडलं नाही. तापातलं पोर कडेवर घेऊन मावशीकडे गेली म्हणे.

२८ सप्टेंबर

हाज्जांकडे गेले. स्क्रीन चालू करून कॅमेरा हाज्जांच्या फोनशेजारी धरला. त्याच रेषा, तीच खूण. म्हटलं, "हाज्जा, हा फोटो माझ्या हातातून गेला. काढणारी माझ्या मागे होती, तुमच्या माहेरच्या टेबलांवर."

जावयाला फोन लावत त्या आत गेल्या. नजातचं नाव ऐकू आलं, मग त्यांचं रडणं. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

घरी आले. तांदूळ निवडले.