देवळातला भूकंप

अण्णा, परवाच्या रविवारी पेपरात एक लेख वाचला आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलायला तयार नाही. लेखात लिहिलं होतं की काही माणसांना एखादं चित्र किंवा मूर्ती बघून छातीत धडधडायला लागतं, पाय लटपटतात, घाम फुटतो, रडू येतं, एखादा तर जागीच कोसळतो. परदेशातल्या डॉक्टरांनी त्याला नाव सुद्धा देऊन ठेवलंय म्हणे. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "नाव ठिवलं ते ठिवलं, पन बरं कसं व्हायचं ते लिवलंय का?" आणि मी तुम्हाला सांगितलं असतं की तुम्हाला बरं व्हायची काही गरजच नव्हती. पण हे कळायला मला केवढा उशीर झाला. तुम्हाला ते झालं तेव्हा मी लातुरात बारावीला होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

भूकंपाआधी तुम्ही दगडाचे गवंडी होतात. काळा दगड, दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. तुमची भिंत बघायला शेजारच्या गावची माणसं यायची, असं आई सांगायची. मग त्या पहाटे औशाकडच्या एका गावात तुम्ही बांधलेली तीन घरं आतल्या माणसांवर बसली. तुम्हाला कुणीही बोल लावला नाही. तिथं सगळ्यांचीच घरं बसली होती. नुसत्या मातीत रचलेला दगड दुसरं काय करणार. पण ढिगारा उपसताना तुम्ही आपले दगड ओळखत होतात, हा कोपऱ्याचा, हा चौकटीवरचा. त्यानंतर तुम्ही दगडाला हात लावला नाहीत. वीट, सिमेंट आणि स्लॅब, बस्स. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. हिमायतनगर, जळकोट, देवणी, कुठकुठून पोरं डॉक्टर व्हायला येत होती आणि तुम्ही त्यांच्यासाठी खोल्यांवर खोल्या चढवत होतात, एकेका खोलीत चार-चार कॉट. मी ज्या हॉलमध्ये फिजिक्स शिकले तोही तुमच्याच हातचा. काम संपलं की तुम्ही त्याच्याकडं मागं वळून सुद्धा बघत नव्हतात. "खोकी हायती नुसती," म्हणायचात, "पन कुनाच्या अंगावर पडनार न्हाईत." मला ते ऐकून राग यायचा, कारण माझ्या मैत्रिणी त्याच खोक्यांत राहायच्या.

आणि मग काकांच्या मुलाचं लग्न. मुलगी देगलूरकडची. अक्षता संध्याकाळी होत्या, दुपार मोकळी, म्हणून मुलीकडच्यांनी आपलं सगळं वऱ्हाड जवळच्या एका जुन्या देवळात नेलं. माझ्या पिशवीत नोट्स होत्या आणि तोंडावर आठ्या. दगडाचं देऊळ, डोक्यावर दगडाचंच छत. तुम्ही उंबऱ्याशी किती वेळ घुटमळलात ते फक्त मी बघितलं. शेवटी आत आलात आणि एका खांबाच्या सांध्यावरून नख फिरवलंत. "चुना न्हाई, माती न्हाई," तुम्ही स्वतःशीच म्हणालात. "नुसता दगडावर दगड. आन् उभा हाय." आपली घरं पडली आणि हे उभं आहे, एवढंच तुमच्या मनात असणार. मला तेव्हा ते दिसलं नाही, मी घड्याळ बघत होते.

गाभाऱ्याच्या दाराशेजारी एक बाई कोरलेली होती, पायातला काटा काढायला वाकलेली. वाकल्यामुळं गळ्यातली माळ पुढं लोंबत होती, आणि ती माळ अंगापासून सुटी होती. त्याच एका दगडातली, तरी तिच्या मागून उजेड दिसत होता. तुम्ही खाली पडलेली उदबत्तीची काडी उचललीत आणि त्या फटीतून अलगद आरपार घातलीत. काडी कुठंही अडली नाही. तुमचा श्वास जोरजोरात चालायला लागला. कपाळावर घाम, डोळ्यांतून पाणी, आणि एकदम तुम्ही ओरडलात, "हालायलीय! जमीन हालायलीय! भाईर व्हा समदे!"

लातूरच्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही. आपलं अख्खं वऱ्हाड, हळदीचा नवरदेव सुद्धा, चपला सोडून पटांगणात. मुलीकडचे मात्र जागचे हलले नाहीत. काहीच झालेलं नव्हतं. "लातूरचे पाहुणे अजून पळायलेतच की!" त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं, आणि जो हशा झाला त्यात मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुम्ही बाहेर आलाच नव्हतात. सगळ्यांना पिटाळून स्वतः त्या बाईसमोर उभे होतात. ज्याला खरंच भूकंप वाटतो तो छताखाली थांबतो का, अण्णा? एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

मी रागारागानं आत आले. तुम्ही खिशातून ओळंबा काढलात, भिंत सरळ आहे का ते बघायचं ते दोरीला टांगलेलं वजन. लग्नाच्या कपड्यांतही तो तुमच्या खिशात होता, तेवढी तुमची एक सवय राहिली होती. तुम्ही तो धरलात तर थरथर हलत होता.

"बघ. हालायलीय का न्हाई?"

"तुमचा हात हलतोय, अण्णा."

"मंग तू धर, माय."

मी धरला. तुम्ही टॉवेलनं डोळे पुसलेत आणि वाकून बघितलंत. "आहे का हलत? जरा सुद्धा नाही," मी फिजिक्सच्या सरांच्या थाटात म्हणाले. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग मान खाली घालून म्हणालात, "मंग माझ्यातच काय तरी बिघाड हाय." आणि मी, तुमची शिकलेली लेक, म्हणाले, "भ्यालाय तुम्ही, दुसरं काही नाही. चला, लोकं हसायलेत." परतीच्या जीपमध्ये तुमच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर छिन्नी धरल्यासारखी झाली होती, ठोका धरून हलत होती. थरथर थांबावी म्हणून मी तो हात घट्ट दाबून धरला.

लातुरात आल्यावर मीच तुम्हाला दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, गोळी सुरू झाली आणि ती तुम्ही शेवटपर्यंत निमूटपणे घेतलीत. जायच्या आदल्या वर्षी एकदा म्हणालात, "त्या बाईला येकदा बघून आलो असतो." मी म्हणाले, तब्येतीला झेपणार नाही. तुम्ही लगेच ऐकलंत. दगडाच्या बाबतीत आपण कच्चे आहोत हे तुम्ही माझ्या शब्दावर मानून टाकलं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, अण्णा. आता मी नांदेडात फिजिक्सचे क्लास घेते, मी कधी चुकत नाही म्हणून पोरं मला घाबरतात.

हे पत्र घडी घालून माझ्याच कपाटात राहणार, दुसरीकडं कुठं जाणार. म्हणून लिहून टाकते. ओळंबा स्थिर नव्हता. माळेमागचा तो उजेड मीही बघितला होता, आणि मी दोरी धरली तेव्हा ओळंबा तुमच्या हातात हलत होता तसाच माझ्या हातात हलायला लागला. तुम्ही डोळे पुसत होतात तेवढ्यात मी तो खांबाला टेकवला.