कापलेली चार मिनिटं

३ ऑगस्ट, शेवगाव
इजिप्तच्या सिनेमाची मराठी सबटायटल्स एकदाची संपली. इंग्रजीवरून केली, अरबी मला कुठं येते. तिकडच्या सेन्सॉरनं चार मिनिटं कापली, नटीवर अश्लीलतेची तक्रार झाली. दिग्दर्शिकेनं आमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळासाठी न कापलेली प्रत विश्वासानं पाठवली. काय आहे त्या चार मिनिटांत? नवरा पाठ करून झोपतो. बायको त्याचा हात ओढून स्वतःच्या अंगावर ठेवते. तो काढून घेतो. तिचे खांदे उघडे आहेत, बस.

५ ऑगस्ट
प्राचार्यांसाठी हॉलमध्ये लावला. ऑफिसातले रफिकभाई चहा घेऊन आले. अरबी ऐकून दारातच चपला काढल्या, मग पडद्याकडे बघितलं. कप ठेवून निघून गेले.
नंतर भेटले. "मॅडम, नमाजातले पाक शब्द चाललेत आन समोर असलं?"
"भाई, ती फक्त 'लाइट बंद करू नको' म्हणते."
"आसंल. मला कुठं कळतंय. पर कानाला दुवाच वाटती ना."
रागही येईना.

६ ऑगस्ट
प्राचार्यांना आयतं निमित्त. "समाजाच्या भावना आहेत, मॅडम." रफिकभाईंची तक्रार नाही, हे दोनदा सांगितलं. मग त्यांच्या पोटातलं ओठावर आलं : "उद्या पोरींचे बाप दारात उभे राहतील हो." प्रसंग काढा, नाहीतर मंडळ बंद. आणि कापणार कोण? मीच. दुसऱ्या कुणाला येत नाही.

९ ऑगस्ट
कापला. मूळ प्रतही प्राचार्यांसमोर पुसली. दिग्दर्शिकेला काय कळवू?

१२ ऑगस्ट
हॉल भरला. कुणाला काही खटकलं नाही. शेवटी ती बॅग घेऊन घर सोडते तेव्हा पोरं हसली. मागून कुणीतरी, "मारत न्हाई, पीत न्हाई, आजून काय पायजे हिला?" शेजारी बसलेल्या इतिहासाच्या बाईंनी मान डोलावली. तो प्रसंग कापून तिला उनाड मीच ठरवलं. लाज वाटते.

१३ ऑगस्ट
एस. वाय.ची सुरेखा तासानंतर थांबली. उन्हाळ्यात लग्न झालंय तिचं, सासरहून ये-जा करते. मंगळसूत्र चाळवत राहिली बराच वेळ.
"मॅडम, त्या बाईला कमी काय हुतं ओ?"
वर्गात दोघीच होतो. दार लोटलेलं.
"असतं काही काही," म्हणाले.
ती उभीच राहिली. मी डस्टर शोधायला लागले.