पाडव्याचं तेल

९ नोव्हेंबर १९६६

वैजनाथ आला! डोणगावच्या शाळेत मास्तर झाल्यापासून पहिल्यांदाच. मिशी ठेवलीय. चहात साखर कमी टाक म्हणाला. कधीपासून? तिथे कुणाच्या हातचा पितो? सगळं विचारायचं होतं. विचारलं एवढंच — जेवलास का?

११ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी

पहाटे पाट मांडला, तेल कोमट केलं, उटणं भिजवलं. दर दिवाळीला मीच लावते. वैजनाथने वाटी माझ्या हातातून घेतली, मी लावतो म्हणाला, आणि न्हाणीचं दार आतून लावून घेतलं.

मी बाहेर उभी. लहानपणी पोटरीवर गरम दूध सांडलं होतं त्याच्या. तिथे उटणं झोंबतं, हलक्या हाताने लावावं लागतं. लक्षात असेल का? शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, पोरगा हाताशी आला, आता काय चिंता! मी हसले. फार वाईट वाटत होतं. पण सांगणार काय? पोरगा धडधाकट, नोकरी लागलेली — यात रडण्यासारखं काय आहे?

१२ नोव्हेंबर

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला रीतीप्रमाणे यांना तेल मी लावलं. त्यानंतर चतुर्दशीलाही हे आईपुढे बसेनात. तेव्हा सासूबाई कुठे होत्या? काही केल्या आठवेना. शेवटी करंज्या करता करता त्यांनाच विचारलं. 

"मले काऊन इचारून राह्यली?" मग करंजीची कड मुडपत — "आजपावतर कोणी इचारलंच नाही."

१३ नोव्हेंबर, पाडवा

यांना पाटावर बसवलं आणि वाटी सासूबाईंच्या हातात दिली. हे लाजले, पण उठले नाहीत. सासूबाईंचं बोट सरळ पाठीवरच्या जुन्या डागावर गेलं.

"खाजते का रे अजून?"

"हो माय. थंडीत लय खाजते."

इतकी वर्षं मी त्याच पाठीला तेल लावतेय. मला पत्ताच नाही! सासूबाईंना माहीत होतं. कधी बोलल्या नाहीत. काऊन बरं?

१६ नोव्हेंबर

एस.टी.त चढताना वैजनाथ हळूच म्हणाला, "आई, पोटरीले लय झोंबलं त्या दिवशी."

सून येईल तेव्हा तिला हे सांगायचं नाही. एवढं तरी माझ्याजवळ राहू दे.