ओळीखालचं बोट

॥ श्री ॥
नगर, ६ ऑगस्ट २००३

चि. शहादेव यास अक्काचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. सुभद्रा, तुलाही. पत्र तूच वाचून दाखवणार, आणि तेही शाळेतल्यासारखं एकेका ओळीखाली बोट धरून. एखाद्या दिवशी कागद झिजेल.

शहादेव, मार्चमध्ये उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तुझा पाय फिरला. आपण सगळ्यांनी तो मुरगळला असं धरलं. तसं नव्हतं. फोटो मी इथल्या डॉक्टरांना दाखवले. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणाऱ्या दोन दोऱ्या गुडघ्याच्या आत असतात. गाडीवरचा कडबा आवळताना आपण दोर फुली मारून बांधतो, तशा. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. तुझी पुढची दोरी तुटली आहे. म्हणून नडगी पुढे सरकते आणि उतारावर पाय दगा देतो. तुटलेली टोकं शिवून जुळत नाहीत. तुझ्याच मांडीमागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, काढायची, दोन्ही हाडांना भोकं पाडायची आणि त्यातून ती नवी दोरी म्हणून ओवायची, असं ऑपरेशन आहे.

अठरा तारीख ठरली. ऑपरेशन थिएटरात ड्यूटीवर मीच असेन. लहानपणी तुझ्या पायातला काटा मीच काढायची आणि तू गावभर बोंब मारायचास. इथे तसं करू नकोस. मला याच दवाखान्यात अजून नोकरी करायची आहे.

येताना घोंगडी आण. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी अक्का,
रुक्मिणी

॥ श्री ॥
माळेवस्ती, ता. पाटोदा, १४ सप्टेंबर २००३

ती. रुक्मिणीअक्का यांना सुभद्राचा शि. सा. न. वि. वि. हे सांगतात आणि मी लिहिते.

टाके सुकले. टाचेखाली गुंडाळलेलं पोतं ठेवून रोज गुडघा दाबतात, तुम्ही शिकवलं तसं. आता पाय सरळ होतो. हे म्हणतात, माझीच शीर चोरून मलाच बसवली, लई हुशार डॉक्टर हाय तुमचा. घोंगडी तुमच्याकडंच राहिली म्हणून दिवसातून दोनदा मला बोलतात.

टँकर चौथ्या दिवशी येतो. आपल्याकडचा सहकारी साखर कारखाना यंदा पेटणार न्हाई. वाळका ऊस छावणीत जनावरांना गेला. दिवाळी झाली की आपली ऊसतोडीची टोळी लांबच्या कारखान्याला जाणार. वस्तीवर म्हातारेच राहतील. टोळीचा पंडित मुकादम येऊन गेला. ह्यांना म्हणाला, पाय दाखव बे, का नुसताच पट्टा बांधून बसलास. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, तो मी कुठं ठेवू? टोळीतल्या म्हाळूची बायको वारली, त्याचाबी अर्धाच हाय. दोन अर्धे जोडून देतो.

हे हसले. मी न्हाई हसले.

आहे तसा जीव लावा.

आपली,
सुभद्रा

॥ श्री ॥
नगर, १२ ऑक्टोबर २००३

चि. शहादेव यास अनेक आशीर्वाद.

इथेही नळाला एक दिवसाआड पाणी आहे. तुझी घोंगडी मी दोनदा उन्हात टाकली, तरी तिचा मेंढीचा वास जात नाही. खोलीवर येणाऱ्या बायका नाक मुरडतात. व्यायाम चालू ठेव.

आता नीट ऐक. बसवलेल्या शिरेला स्वतःचं रक्त नसतं. आत गेल्यावर ती आधी मरते, मग महिनोन्‌महिने हाडाकडून तिच्यात नवं रक्त उतरतं. दहाव्या-बाराव्या आठवड्यात ती सगळ्यांत कच्ची असते, आणि नेमका तेव्हाच गुडघा दुखायचा थांबतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. नऊ महिने ओझं नाही, उडी नाही. यंदा तू माझ्याकडे येऊन राहा. सुभद्राने एक हंगाम म्हाळूच्या जोडीने काढावा. माणूस भला आहे.

उत्तर लगेच पाठव. वाट बघते.

अक्का

॥ श्री ॥
कारखान्याचा तळ, ९ नोव्हेंबर २००३

ती. अक्का यांना शि. सा. न. हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते. कुणी सांगितलेलं न्हाई.

आम्ही टोळीत आलो. मंगळवारी ह्यांचा गुडघा गेला. डोक्यावर मोळीसुद्धा न्हवती. ट्रक भरून झाला आणि हे फळीच्या टोकापर्यंत न येता मधूनच खाली उतरले, हातभर उंचीवरून. कांडं मोडावं तसा आवाज झाला. मी चार पावलांवर होते, मला ऐकू आला. हे म्हणाले, अक्काची दोरी गेली.

तुमचं पत्र आम्ही निघायच्या आधीच मिळालं होतं. मी वाचून दाखवलं. व्यायाम चालू ठेव, इथवर वाचलं, आणि एकदम उत्तर लगेच पाठव, हे वाचलं. मधलं सोडलं. म्हाळूभाऊजी भले हायत, न्हाई असं न्हाई. पण सहा महिने माझ्या डोक्यावर मोळी द्यायला परका माणूस, आणि फडातल्या बाया आम्हांला जोडी म्हणून हाक मारणार. माझ्यानं ते झालं नसतं. ह्यांचा गुडघा दुखत न्हवता. मी मनाशी म्हणलं, अक्का उगंच भितात.

काल ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मला अक्षर येत न्हाई, पण तुझं बोट दिसतं. ते मधलं रान सोडून थेट खाली उतरलं, तवाच कळलं की अक्का नको म्हणती. मी विचारलं, मग आलाव काऊन? तर म्हणाले, तुला अर्धी कोण म्हणू देईल.

काय लिहायचं ते लिहा. पण लिहा.

सुभद्रा

॥ श्री ॥
नगर, १७ नोव्हेंबर २००३

चि. सौ. सुभद्रा हिस अनेक आशीर्वाद.

तू गाळलंस त्यातलं आधीचं गुडघ्याविषयी होतं. शेवटच्या दोन ओळी, म्हाळूच्या, माझ्या होत्या. त्या तुला न विचारता लिहिल्या. त्या नसत्या तर बाकीचं तू वाचलं असतंस.

डॉक्टरांशी बोलले. गुडघ्यात दोन हाडांमधली गादीही फाटली असावी, असं त्यांना वाटतं. आता शीर दुसऱ्या पायातून घ्यावी लागेल. त्यानंतर शहादेव चालेल, जिना चढेल. मोळी घेऊन फळी चढणार नाही. यंदा नाही, पुढेही नाही. दोघं मिळून या. खोली एक आहे, घोंगडीही एकच.

हे पत्र त्याला वाचून दाखव. ओळीखाली बोट ठेव.

तुमची दोघांची,
अक्का