हात फिरवून भरलेलं माप

तीर्थरूप आत्याबाईंस,

सुनेचा साष्टांग नमस्कार. तुम्हाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, आणि मी तुम्हाला पत्र लिहायला बसलेय! तुम्ही असता तर म्हणाला असता, "कागद कशाला नासतीस गं?" पण काय करू? काल शेवंता दारात आली, तिच्या मागं अर्धी आळी आली, आणि सगळ्यांनी मिळून तुमचं काम माझ्या गळ्यात घातलं. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तिच्या शेळ्यांनी आपली ज्वारी खाल्ली. दुष्काळानंतरची पहिली ज्वारी, आत्याबाई! कणसं दुधात आलेली, मी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन नुसती बघून यायची. आणि लोक म्हणतात, "आक्का न्हाईत, आता माप तुमी सांगा."

तुमच्या मापांचा मला पहिल्यांदा किती राग आला होता, ठाऊक आहे? मी बेलापूरची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली, चार बुकं शिकलेली. इथं खर्ड्याच्या बाजूला तुमच्या कोरड्या माळावर येऊन पडले, आणि पहिल्याच आठवड्यात दूध उतू घालवलं. मांजरानं सांडलं म्हणून सांगितलं. तुम्ही चुलीपाशी बसून म्हणालात, "दूध उतू गेलं त्याचं माप न्हाई. मांजरावर घातलंस, त्याचं चिपटं."

चिपटं! मला वाटलं सासूबाईंचं डोकं फिरलंय. मग कळलं की सगळा गावच तुमच्याकडं माप विचारायला येतो. बाजारात किलो आले तरी तुमच्या तोंडी जुनीच मापं. कुणाचं सगळ्यात लहान ते चिपटं, कुणाचं त्याहून मोठं मापटं, कुणाची अधोली, फार झालं तर पायली. दंड नाही की शिव्या नाहीत. ज्याचं माप त्यानं कबूल करायचं आणि झालेलं भरून द्यायचं, एवढंच. खळ्यावर धान्य मोजतात तसं पहिल्या मापाला तुम्ही इथंही "एक" न म्हणता "लाभ" म्हणायचात. पापाला कसला आलाय लाभ, असं मी मनात म्हणून घ्यायची.

गुरुजींनी एकदा ओट्यावर बसून तुम्हाला छेडलं होतं, आठवतं? "आक्का, पापाला असं माप असतं का? पोराला गणितात शंभरापैकी मार्क देता येतात, वागण्याला कसे द्यायचे?" तुम्ही सुपातले खडे निवडत होता, मान वर केली नाहीत. "गुरुजी, माप नसलं तरी मानसं मोजत्यातच की. रागानं मोजत्यात. आन रागाच्या पायलीला बूड नसतं." गुरुजी चहा संपवून उठले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही बाई आपली सासू आहे हे काही वाईट नाही!

आणि तो हात! माप सांगून झालं की तुम्ही हवेतच तळवा आडवा फिरवायचात, पायलीवरची शीग पाडावी तसा. मी विचारलं, तर म्हणालात, "दुसऱ्याचं मोजताना वरचा ढीग पाडायचा. आपलं मोजताना शिगोशीग भरायचं." मी हसले होते. म्हटलं, बोलायला सोपं आहे, आत्याबाई.

मग दुष्काळ आला, आणि शाळेपुढचा तो दिवस आला.

रस्त्याच्या कामावर सगळा गाव खडी फोडत होता. कामावर येईल त्याला सुकडी, ते सरकारी गोडसर भाजकं पीठ, मिळायची, आणि ती शाळेपुढं वाटायचं काम तुमच्या चिरंजीवांकडं होतं. किती मिरवायचे! त्या दिवशी ह्यांनीच शेवंताला पकडलं. तिच्या पदराच्या गाठीत दुसऱ्या वाट्याची सुकडी निघाली. लोक आधीच भुकेनं चिडलेले. "हिचं नाव कामावरनं काढा," असा एकच गलका झाला. काम गेलं असतं तर तिच्या घरात चूलच पेटली नसती. कुणीतरी धावत येऊन तुम्हाला घेऊन गेलं, मीही मागोमाग आले.

शेवंता रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "सासरा पडून हाय, आक्का. त्याला कामावर येववत न्हाई, मंग त्याला सुकडी बी न्हाई. म्या काय करू?"

तुमची जुनी सवय. धान्य समोर आलं की दाणा तोंडात टाकून बघायचा. तशी तुम्ही त्या गाठीतली चिमूटभर सुकडी जिभेवर ठेवलीत, आणि तुमचं तोंड चालायचं थांबलं. तुम्ही आधी ह्यांच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. आदल्या दिवशी हे डबाभर घेऊन आले होते, "उरलीय" म्हणाले होते, आणि मी तुम्हाला लाडू वळून दिले होते. किती दिवसांनी घरात गोड! तुम्ही दोन खाल्लेत आणि माझ्या हाताचं कौतुक केलंत.

"लाभ," तुम्ही म्हणालात. "शेवंताचं चिपटं." आणि हात फिरवलात. "तिचं नाव कामावर ऱ्हाईल. आता दुसरं माप. माझं."

तुम्ही लोकांकडं तोंड केलंत.

"पायली. शिगोशीग. काल म्या ह्याच चवीचा लाडू खाल्ला. म्या उपाशी नव्हते, घरात कुनी पडून नव्हतं. ग्वाड लागलं म्हनून कुठनं आलं ते इचारलं न्हाई."

मागून कुणीतरी खवचटपणे ओरडलं, "आन ल्योकाचं किती, आक्का?"

तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचं माप म्या हात फिरवूनच भरते. आन आज ह्याला हात फिरवून द्यायची माजी इच्छा न्हाई. त्यानं आपलं आपुन भरावं."

हे खाली मान घालून उभे होते. तसेच म्हणाले, "पायली." तुम्ही विचारलंत, "आन शीग?" हे म्हणाले, "शीग बी." तेव्हा तुमचा आवाज कापत होता, आत्याबाई. कुणाला कळलं नसेल, मला कळलं.

दुसऱ्या दिवशी डबा शाळेत परत गेला, सुकडी गुरुजी वाटू लागले, आणि हे हातोडा घेऊन सगळ्यांच्या ओळीत खडी फोडायला बसले. पाणवठ्यावर बायका मला बघून कुजबुजायच्या. मी किती दिवस तुमच्याशी धड बोलले नाही! घरात सांगता येत नव्हतं का? पोटच्या पोराची अशी चारचौघांत शोभा करायची? शेवटी एकदा तोंडावर विचारलंच. तुम्ही म्हणालात, "तिची गाठ चार लोकांत सोडली. मंग आपली घरात का सोडायची?" आता माहेरी गेले की कुणी न विचारताही ही गोष्ट सांगते, छाती पुढं काढून सांगते. अशी सासू बेलापुरात एकीला तरी आहे का, म्हणावं!

तर काल. दारात शेवंता, तिच्या हातात शेळीचा कासरा, आणि माझ्या मनात राग. खरं सांगू? मी मनातल्या मनात मणाच्या पुढं गेले होते. बूड नव्हतंच. आता तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "वैनी, माझं म्या सांगते. पायली, शिगोशीग. शेळ्या सोडून म्या सावलीला डोळा लावला." आणि तिनं दोन्ही हातांनी हवेत ढीग करून दाखवला, अगदी तुमच्यासारखा.

मला पुढचं दिसेना. डोळे भरून आले होते. कसंबसं "लाभ" म्हटलं. मग माझा हात आपोआप आडवा फिरला, आत्याबाई. "चिपटं," मी म्हटलं. "कडबा निघेल तेव्हा दोन दिवस कापायला ये." ओट्यावरून हे उठले, आत गेले, आणि तिच्या शेळीसाठी बादलीभर पाणी घेऊन आले.

ज्वारीचं दुःख आहेच. खोटं कशाला लिहू? आज सकाळी बांधावर जाऊन पुन्हा चरफडले. पण तुमचं माप मी खाली ठेवणार नाही, हा शब्द देते. दुसऱ्याचं भरताना हात फिरवीन, राग आला तरी फिरवीन. आणि माझी पाळी येईल तेव्हा घरात तोंड लपवणार नाही, शाळेपुढं जाऊन शिगोशीग भरीन. तेवढं बळ तिथून द्या.

पहिलं माप भरलंय, आत्याबाई. लाभ!

तुमची सून,
कुसुम