सवतीला लंडनची माफी

४ मार्च

लिहीन लिहीन म्हणत फेब्रुवारी संपला. वही आणली होती, पेनही आणलं होतं. मग त्या पेनाने साइडकारच्या बिजागरीतला चिखल उकरत बसले आणि पेन मोडलं. आज नवं घेतलं.

तर — मी लंडनात आहे! कॅम्बरवेलला, एका बेकरीच्या माडीवर. गाडी खाली दाराशी. लाल मोटारसायकल, पूर्व जर्मनीची, टू-स्ट्रोक, बाजूला साइडकार. चालू केली की धुराने अख्खी गल्ली निळी होते.

आई हिला सवत म्हणते. तिकडे कॉर्नवॉलला बाबा शेडमध्ये हिच्याशीच गप्पा मारत बसायचे, ताटातलं गार व्हायचं. आई जन्मात त्या साइडकारमध्ये बसली नाही. शेवटी म्हणाली, "डेन्झिल, एक तर ती शेडमध्ये, नाहीतर मी घरात." बाबा दोन दिवस शेडमध्येच जेवले. मग किल्ली माझ्या हातात. "मेरिन, तू तशीही उंडारतच असतेस. हिला घेऊन उंडार. विकायची नाही. भंगारात तर नाहीच नाही. नाही निभावली तर परत घेऊन ये." आतून आईचा आवाज — "आणलीस तर माझी बॅग भरलेलीच आहे!"

हसत नव्हती.

५ मार्च

नोकरी कशी लागली ते राहिलंच. गाडी नेमकी बेकरीच्या दारात बंद पडली. पाणी मागायला आत गेले ते नोकरी, खोली आणि चीज भरलेला गरम पाव घेऊनच बाहेर आले. मालकीणबाई अँड्रुला, सायप्रसच्या, सगळा रस्ता त्यांना मावशी म्हणतो. साइडकारभोवती दोन चकरा मारल्या, आत वाकून बघितलं, ट्रे ठेवून बघितला. बसला!

"शहराच्या मध्यात, सोहोतल्या हॉटेलांना पाव द्यायला व्हॅन नेली की रोज गर्दीचा कर," मावशी म्हणाल्या. "मोटारसायकलला माफ. साइडकार असली तरी माफ! नवऱ्याला किती वर्षं सांगतेय, शीक मोटारसायकल. तो घोरतो. तू घोरतेस का?"

"नाही."

"मग उद्या पहाटे ये."

११ मार्च

काय मजा! नदी ओलांडायची, रस्त्यावर गर्दीच्या कराचं, लाल गोलातलं ते पांढरं अक्षर दिसलं की व्हॅनवाल्यांची तोंडं आंबट होतात, आणि मी — सर्रकन आत! फुकट! रोज त्या अक्षराला सलाम ठोकते. आज सिग्नलला एक टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, "ए पोरी, गाडी चालवतेयस की माशांना धुरी देतेयस?" मी त्याला ट्रेमधला एक पाव दिला. शेवटच्या हॉटेलात एक पाव कमी भरला. मावशी ओरडल्या. चालायचंच.

मग चुकून हाइड पार्कात बदकं बघत बसले, आणि रिकामे ट्रे दुपारी परत आले. परत ओरडल्या.

१९ मार्च

दंडाचं पाकीट!

कर दोन आहेत. दोन! एक गर्दीचा, त्यात मोटारसायकल माफ. दुसरा धुराचा, त्यात जुन्या मोटारसायकलला माफी नाही. तो आत-बाहेर सगळीकडे, आमच्या गल्लीतसुद्धा. पाटी हिरवी असते. मी रोज बघत होते ती. मला वाटलं, बागेकडे जायचा रस्ता दाखवतात. हिरवी आहे ना!

मावशींनी कपाळावर पिठाचा हात मारून घेतला. "आणि मी मूर्ख, मला वाटलं मोटारसायकल म्हणजे मोटारसायकल!"

चाळीस वर्षांची गाडी असेल तर म्हातारी म्हणून सोडतात म्हणे. आमची अजून तेवढी म्हातारी नाही. थोडक्यात राहिली, मेली.

२० मार्च

मावशी सरळ बोलल्या. "ईस्टरला माझी निम्मी कमाई होते. तोवर गाडीचं काय ते बघ. नाहीतर मी व्हॅनवाला बघते." रोजचा कर भरला तर माझ्या हातात उरतं काय? विकायची नाही. भंगारात नाही. म्हणजे परत शेडमध्ये.

म्हणजे आईची बॅग.

घरी फोन केला नाही.

२७ मार्च

पाव न्यायला एक कुरियरवाला आला होता, म्हणाला, चाचणी करून घे की. नदीपलीकडे पूर्वेला एक गॅरेज आहे, तिथे गाडीचा वायू मोजतात, पास झाली तर धुराच्या करातून कायमची सुटका. मग त्याने माझ्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "असू दे, सोड."

नंबर लावला.

२ एप्रिल

पास!! पास पास पास!!

नीट लिहिते. गॅरेजवाला गेथिन, वेल्सचा, भला मोठा, मिशीवाला. गाडी फिरत्या रोलरवर चढवली, सायलेन्सरला नळी लावली, किक मारली. खोली दिसेनाशी झाली. गेथिनही दिसेनासा झाला. नुसता खोकला ऐकू येत होता. मी बाहेर फुटपाथवर बसून आईला काय सांगायचं ते जुळवत होते.

गेथिन डोळे पुसत बाहेर आला. "कुणी दिली गं ही तुला?"

"बाबांनी."

"काय वैर होतं?" मग हसायलाच लागला. "पास झाली. आरामात."

"अहो, पण हा धूर!"

"धूर मोजत नाहीत, पोरी. नायट्रोजनचा वायू मोजतात. तो होतो इंजिन तापून जळलं की. ही तेल पिऊन गारगार जळते. वास मारेल, तोंड काळं करेल, पण तो वायू हिच्या पोटात फारसा होतच नाही."

मी गेथिनला मिठी मारली. मग गाडीला मारली. सायलेन्सर गरम होता. मांडीवर फोड आलाय. अजिबात दुखत नाही!

३ एप्रिल

घरी फोन. आई किंचाळली. "म्हणजे ती तिथेच राहणार? कायमची?" कायमची! आई चक्क गाणं म्हणत स्वयंपाकघरात गेली. मग बाबा आले फोनवर. लंडनने हिला माफ केलं, म्हटलं. "बरं झालं," म्हणाले. आणि मग हळूच, "शेड फार मोकळी वाटते गं."

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. फ्लाउना, फ्लाउना, फ्लाउना! चीज-पुदिन्याचे ते ईस्टरचे पाव ट्रेच्या ट्रे सोहोला. मावशी स्वतः ट्रे मांडीवर घेऊन साइडकारमध्ये बसल्या, लाल गोलावरून जाताना राणीसारखा हात हलवला. "माझा नवरा घोरू दे!" ओरडल्या. टॅक्सीवाला परत भेटला. आज दोन पाव दिले.

२१ एप्रिल

आई आलीय!! खाली काउंटरपाशी उभी आहे — डोक्यावर बाबांचं हेल्मेट, हातात बॅग. बाबांनी काल शेडमध्ये दुसरी गाडी आणून ठेवली. हिच्याहून मोठी. आई मावशींना विचारतेय, माडीवर अजून एक खाट मावेल का. आणि मला वर हाक मारून — "मेरिन, त्या साइडकारमध्ये उशी आहे का गं?"