एका दाढेची फी

आलापल्ली, होळीनंतरचा रविवार, १९९७

प्रिय अयूबभाई,

जय भीम आणि सलाम. नागपुरात तुझं शिवणयंत्र अडखळत नसेल, सुलतानावहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि नाहीद दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला सुखरूप पोचली असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे बरे आहेत, माझी एक दाढ सोडून. तिचा खरा हिशेब आधीच मांडतो: एक लाल कोंबडा, एक वकील, गडचिरोलीच्या ग्राहक मंचाच्या बाकड्यावर घालवलेला हिवाळा आणि कमलेचा अबोला. (त्यात बायकोचा अबोला सगळ्यांत महाग. ती बोलत नाही तेव्हा घरातली भांडी बोलतात.)

तुला डॉक्टर बोरकुटे आठवत असतील. शाळेत असताना तुझ्या टाचेतला बाभळीचा काटा काढायच्या आधी, 'चप्पल काऊन नाई घालत बे,' म्हणून ज्यांनी तुझा कान पिळला होता, तेच. आधी शिव्या, मग औषध, ही त्यांची पद्धत. निम्मा ताप शिव्यांनीच उतरायचा. कडुनिंबाखालचं ते बाकडं, स्पिरिटचा वास आणि अंगणभर कोंबड्या. फी म्हणून कुणी चारोळी आणायचं, कुणी मोह, कुणी कोंबडी. डॉक्टर पडले शाकाहारी, त्यामुळे दवाखान्यातल्या कोंबड्या म्हातारपणानं मरायच्या. एवढं आयुष्य या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या कोंबडीला लाभलेलं मी पाहिलं नाही.

तर दिवाळीत माझी दाढ ठणकायला लागली. कोंबडा काखेत मारून गेलो, दाढ काढून आलो. सुन्नपणा उतरला तसं कळलं, ठणका होता तिथंच आहे आणि कागदाच्या पुडीत आली आहे ती शेजारची दाढ. आता मला तू ओळखतोस. लाकडाच्या डेपोत ओंडके वाहता वाहता मी लाकूड कापायच्या आरामशीनचा मालक झालो तो या कानाच्या जोरावर. सागाच्या ओंडक्यावर थाप मारली की आतून भरीव की पोकळ हे मी सांगतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही. ती दाढ मी टेबलावर वाजवून पाहिली. अस्सल साग. ऐंशी वर्षं हलली नसती.

सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टरही ग्राहक कायद्यात आले, हे तूच मला सांगितलं होतंस (तेव्हा आपण हसलो होतो). इथं चहाच्या टपरीवर त्याचे दोन तट. लटारू न्हावी म्हणतो, कायदा पाहिजेच, नाहीतर मेलेल्या माणसाची चूक निघते, डॉक्टरची कधी निघत नाही. शाळेतले गुरुजी म्हणतात, डॉक्टर कोर्टाला भ्यायला तर अडल्या बाईला हात कोण लावेल? मला दोघांचंही पटलं, म्हणून मी नोटीस पाठवली. वकिलानं मात्र मेख सांगितली: फी दिली असेल तरच तुम्ही ग्राहक, उपचार फुकट असतील तर दावाच उभा राहत नाही. म्हणजे सगळा खटला माझ्या कोंबड्यावर येऊन बसला.

नोटीस पोचली आणि डॉक्टरांनी शिव्या देणं बंद केलं. आमच्या आरामशीनवर कामाला येणारी बुधरी तापानं फणफणून गेली, तर तिला "बसा बाई" म्हणाले आणि हात न लावता चंद्रपूरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. ती भ्यायलीच. डॉक्टर एवढं गोड बोलतात म्हणजे आपण काही वाचत नाही, असा तिचा समज झाला. मग कळलं, ते दवाखाना मोडून मुलाकडे नागपूरला निघालेत. पुरात डोंग्यातून येऊन ज्यांनी आमची सरिता सुखरूप जन्माला घातली, ते. त्या दिवशी कमला बोलली.

"तुमची एक दाढ गेली, अन् गावाचा डॉक्टर चालला. आता काय जिंकून आणता?"

मंचातल्या तारखेला डॉक्टरांच्या वकिलानं मुद्दा मांडला की उपचार मोफत होते, कोंबडा ही भेट होती, सबब तक्रार चालत नाही. अध्यक्षांनी डॉक्टरांना विचारलं. वकील त्यांची बाही ओढत होता, तरी म्हातारा उभा राहून म्हणाला, "फीच होती साहेब. लहानू फुकटात दाढ काढून घेणारा माणूस नाई."

वर्षानुवर्षं ओंडके उचललेत मी, पण तेवढं जड काही अंगावर आलं नव्हतं. मी पण उठलो.

"नाई साहेब. मी धंदेवाला आहो. चुकीच्या दाढेची फी मी कशी देईन? कोंबडा भेट होती."

माझ्या वकिलानं डोकं धरलं, डॉक्टरांच्या वकिलानं पाणी मागितलं. फिर्यादी म्हणतो फी नाही, डॉक्टर म्हणतो फी आहे. अध्यक्ष जरा वेळ कागदांआड तोंड लपवून होते. शेवटी मी तक्रार मागे घेतली.

परतीची एसटी एकच होती. शेजारी बसावं लागलं. चामोर्शीपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होतो (खिडकी त्यांच्या बाजूला होती, मी त्यांच्या कानावरून बघत होतो). मग ते म्हणाले, "दुखते अजून?" म्हटलं, दुखते. "मग तोंड उघड ना बे, गाढवा." तिथून आष्टीपर्यंत त्यांनी मला शिव्या दिल्या. बाहेर पळस फुललेला आणि मला शाळेतल्यासारखं हलकं वाटत होतं. आता ते जात नाहीत. बुधरीला परवाच झापलं. ती लगेच बरी दिसायला लागली.

तुझा,
लहानू

ता. क. : डॉक्टरांची एक अट आहे, यापुढे दाताला हात लावणार नाहीत. म्हणून नाहीदची परीक्षा झाली की तिला इथं पाठव. आरामशीनची पुढची खोली रिकामी करून देतो, बोर्डही सागाचा करतो. ठणकणारी दाढ मी तिच्यासाठी राखून ठेवली आहे. तिची फी मी देईन, पावतीसह.

आणखी ता. क. : काढलेली दाढ नाहीदला अभ्यासाला पाठवावी म्हणून तंबाखूच्या डबीत भरत होतो. हातातून फरशीवर पडली आणि दोन तुकडे झाले. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. आतून काळी आणि पोकळ होती.